बोटीवरचे शीतकपाट आणि आपले घर



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून अनेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. समुद्र येथून शेकडो मैल दूर. नाव म्हटली की आपल्याला वर्धा नदीच्या पुरातला डोंगा आठवतो. मग बोटीच्या भटारखान्यात कोणते शीतकपाट ठेवावे, याची चर्चा रोहण्याच्या लोकांनी कशासाठी करावयाची? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आधी दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

लांबच्या प्रवासाला निघालेली शिडाची बोट डोळ्यांसमोर आणा. आपल्या लोकांचेच उदाहरण घेऊ. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ नावाची शिडाची नौका बांधली गेली आणि तिच्यातून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९ च्या ऑगस्टपासून २०१० च्या मेपर्यंत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांनी चार बंदरे घेतली. बंदर सुटले की किनारा मागे राहतो आणि किनाऱ्यावरची विजेची तारही मागे राहते. पुढे दिव्याला, यंत्राला, दिशा दाखविणाऱ्या उपकरणाला जी वीज लागेल ती बोटीवरच निर्माण करावयाची, बॅटरीत साठवावयाची आणि मोजून खर्चावयाची. तेथे वीज ही तिजोरीतल्या पैशासारखी असते. किती आहे हे ठाऊक असते, आणि कोणी किती उचलली हेही ठाऊक असते.

आता आपल्या घराकडे पाहा. वैशाख महिना, दुपारचे दोन, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला. अवकाळी वादळाने कोठेतरी खांब पडला आणि वीज गेली. कधी येईल सांगता येत नाही. अशा वेळी आपले घरही किनारा सुटलेल्या बोटीसारखेच असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत जेवढी शिल्लक तेवढीच आपली पुंजी. त्यात पंखा चालवावयाचा, मुलांच्या अभ्यासाचा दिवा लावावयाचा की फ्रीज चालवावयाचा, असा प्रश्न पडतो. बोटवाल्यांपुढे हा प्रश्न रोजच असतो, म्हणून त्यांनी त्याचा विचार आपल्यापेक्षा बारकाईने केला आहे. तो आपल्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आम्ही हा विषय निवडला.

बोटीसाठी दोन तऱ्हेची शीतकपाटे मिळतात. एक, खास बोटीसाठी केलेली, बारा व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारी. ती चांगली असतात, पण महाग पडतात. दुसरी, तुमच्या-आमच्या घरी असतात तशी, भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणारी. ही स्वस्त, दुरुस्त करणारा गावोगाव सापडतो, परंतु बॅटरीवर चालवावयाची तर मध्ये इन्व्हर्टर हवा. साधेच कपाट घेऊन ते कमी विजेत कसे निभवावे, हा बोटवाल्यांच्या आवडीचा वाद आहे. आपणाजवळ दुसरा प्रकार नाहीच, तेव्हा आपण या दुसऱ्या पक्षाचे.

प्रथम हे कपाट काम काय करते ते समजून घेऊ. फ्रीज थंडी तयार करतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो उष्णता उपसतो. विहिरीतून पाणी उपसावे तशी आतली उष्णता उपसून बाहेर ओततो. कपाटाची मागची अगर बाजूची भिंत गरम लागते ती यामुळेच. विजेच्या एका युनिटात घरगुती कपाट साधारण दीड ते दोन युनिटांइतकी उष्णता बाहेर काढते. विहिरीत झरे असतात, तसे या कपाटालाही झरे आहेत. भिंतींतून, दाराच्या रबरी पट्टीतून आणि आपण आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर उष्णता आत झिरपत असते. झरे जितके कमी तितके उपसणे कमी. म्हणून शहाणा बोटवाला कपाट घेताना आधी भिंती पाहतो आणि यंत्राकडे मागाहून वळतो.

भिंतींची महती सांगणारी एक जुनी हकीकत आहे. यंत्राने बर्फ करण्याची विद्या पसरण्यापूर्वी अमेरिकेतील बोस्टनचे फ्रेडरिक ट्यूडर नावाचे व्यापारी तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून जहाजाने परदेशी पाठवीत. १८३३ साली त्यांचे ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडावयाचे, आणि जहाजावर थंडीचे कसलेही यंत्र नाही. तरीही कलकत्त्यास पोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई व मद्रास येथेही हा बर्फ येऊ लागला. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. तेथे स्वामी विवेकानंदांचा १८९७ साली मुक्काम झाल्यामुळे ती वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाते. हे सारे कशाच्या बळावर झाले? लाकडाच्या भुशाच्या! आपल्याकडे लग्नकार्यात बर्फाची लादी गोणपाटात आणि भुशात गुंडाळून आणीत, ते याच शास्त्राला धरून होते.

आजच्या कपाटात भुशाच्या जागी फेस घट्ट करून भरलेला असतो. साध्या घरगुती कपाटाची भिंत चार ते सहा सेंटिमीटर जाडीची असते. बोटीवरची उत्तम बर्फपेटी दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जाड भिंतीची करतात. जाडी दुप्पट झाली की भिंतीतून झिरपणारी उष्णता निम्म्यावर येते. मात्र जाडी वाढली की आतली जागा घटते, हा बोटीवर मोठा तोटा. दुकानात गेल्यावर आपण नेमके उलटे करतो. बाहेरून लहान आणि आतून मोठे दिसणारे कपाट पाहून हुरळतो. ती जागा भिंतीतून चोरलेली तर नाही ना, एवढे विचारून पाहावे.

आता हिशेबाकडे वळू. आकडे ऐकून कोणी घाबरू नये. किराण्याच्या दुकानातल्या हिशेबापेक्षा हा कठीण नाही.

आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला. त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून त्याने तारांकित पट्टी सुरू केली. आपोआप बर्फ वितळविणाऱ्या फ्रीजांना ती २०१० पासून सक्तीची झाली. लोक या पट्टीवरचे तारे मोजतात. आमचे सांगणे असे की, ताऱ्यांखाली एक आकडा छापलेला असतो तो आधी वाचावा. वर्षाला किती युनिटे लागतील, हे तो आकडा सांगतो. तारे हे त्या जातीच्या आणि त्या आकारमानाच्या कपाटांत या कपाटाचा नंबर कितवा, एवढेच सांगतात. म्हणून मोठ्या दुदारी कपाटाला चार तारे आणि लहान एकदारी कपाटाला तीन तारे असले, तरी लहानच कमी वीज खात असण्याचा पुष्कळ संभव असतो. शिवाय ताऱ्यांची कसोटी वेळोवेळी कडक होत आली आहे. मागील काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या कसोटीवर पाच उरतीलच असे नाही. पट्टीवर ती कोणत्या मुदतीची आहे हे लिहिलेले असते, तेही पाहावे. बोटवाला तारे पाहतच नाही. तो वर्षाचा आकडा घेतो, त्याला ३६५ ने भागतो, आणि रोजचा खर्च काढतो.

समजा, एका कपाटावर १२० हा आकडा आहे व दुसऱ्यावर २२०. पहिल्याला रोज एक तृतीयांश युनिट लागेल, दुसऱ्याला सहा दशांश. वर्षाला १०० युनिटांचा फरक. युनिटाला आठ रुपये धरले तर वर्षाला आठशे रुपये, दहा वर्षांत आठ हजार. शिवाय आपल्याकडे विजेचे दर पायरीपायरीने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, पुढच्यांचा अधिक. वाचलेले युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे महाग पायरीवरचे असते. तेव्हा दुकानात दोन हजार रुपये वाचविणारा माणूस कधी कधी महावितरणकडे आठ हजार भरावयाचे कबूल करून घरी येतो.

पट्टीवरचा आकडा प्रयोगशाळेतला आहे, आणि वैशाखातले आपले स्वयंपाकघर काही प्रयोगशाळा नव्हे. आत चार अंश आणि बाहेर बत्तीस, म्हणजे अंतर अठ्ठावीस अंशांचे. तेच बाहेर चव्वेचाळीस झाले की अंतर चाळीसचे, जवळजवळ दीडपट. उष्णता दीडपट झिरपते. एवढ्याने भागत नाही. उन्हाळ्यात विहीर खोल जाते, आणि तीच बादली ओढावयाला दोर जास्त लागतो. तसेच चार अंशांवरची उष्णता चव्वेचाळीस अंशांच्या हवेत ओतण्याला चढण जास्त पडते, तीही सुमारे दीडपट. दीडपटीची दीडपट म्हणजे दुपटीच्या आसपास. ढोबळ हिशेबाने, जे कपाट आल्हाददायक हवेत एक युनिट खाईल ते आपल्या मे महिन्यात दोन खाईल. म्हणून कपाट कोणत्या हवामानासाठी केले आहे ते पाहणे आवश्यक आहे. मागच्या बाजूस लावलेल्या माहितीपत्रावर ते लिहिलेले असते. ‘एन’ हे अक्षर असेल तर ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, ‘एसटी’ असेल तर ३८ पर्यंत, आणि ‘टी’ असेल तर ४३ पर्यंत. आपल्या जिल्ह्यासाठी ‘टी’च हवे. आणि तेही कपाट शेगडीच्या शेजारी, पश्चिमेचे ऊन घेणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवले तर अक्षर काय करणार?

बोटीवर जागेची ओढाताण असल्यामुळे कपाट फळ्यांच्या कप्प्यात कोंडतात, आणि मग ते आपणच बाहेर टाकलेल्या उष्णतेत उकडत बसते. म्हणून जाणते लोक त्या कप्प्याला खालून हवा येण्याची आणि वरून जाण्याची वाट ठेवतात. आपल्याकडे नवे घर बांधताना हौसेने फ्रीजसाठी भिंतीत कोनाडा काढतात, आणि तो अगदी मापाचा काढतात. पुष्कळशा नव्या कपाटांच्या उष्णतेच्या नळ्या बाजूच्या भिंतींत दडविलेल्या असतात. त्यांना दोन्ही बाजूंस चार बोटे आणि वर त्याहून अधिक मोकळी जागा पाहिजे. मिस्त्रीला हे आधी सांगितले तर खर्च शून्य. मागाहून कळले तर दर महिन्याच्या बिलात दंड.

यानंतर जातीचा प्रश्न. एकदारी, हाताने बर्फ काढावयाचे कपाट घ्यावे की आपोआप बर्फ वितळविणारे? दुसऱ्या जातीत हवा फिरविणारा पंखा असतो, आणि साठलेले हिव वितळविण्यासाठी एक तापणारी तारही असते. म्हणजे थंडीच्या कपाटात आपणच अधूनमधून शेगडी पेटवावयाची! सोय मोठी आहे, आम्ही नाकारीत नाही, पण तिचे मोल विजेत द्यावे लागते. एकदारी कपाट काटकसरी, मात्र हिवाचा थर बोटभर होण्यापूर्वी तो वितळवून टाकला पाहिजे. तो थर म्हणजे उष्णतेच्या वाटेवर पांघरलेली गोधडीच. तो सुरीने खरवडू मात्र नये. आतली नळी फुटली तर कपाट निकामी होते. ज्या घरी दूध रोज ताजे येते आणि भाजी वाडीतून किंवा बाजारातून दोन-चार दिवसांची येते, त्या चार-पाच माणसांच्या घराला दोनशे लिटरच्या आतले एकदारी कपाट पुरे होते. रिकामे कोपरे थंड ठेवण्यासाठी महिन्याला पैसे भरण्यात कोणते शहाणपण?

‘इन्व्हर्टर’ या शब्दाने हल्ली मोठा घोटाळा केला आहे. वीज गेल्यावर बॅटरीवर दिवे लावणारी पेटी ती एक. आणि दुकानदार ज्याला ‘इन्व्हर्टर फ्रीज’ म्हणतो तो दुसरा. त्याच्या आतले यंत्र गरजेप्रमाणे हळू किंवा जलद फिरते. साधे यंत्र एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. सुरू होताना क्षणभर ते नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. त्या हिसक्याने लहान इन्व्हर्टर मान टाकतो, आणि व्होल्टेज पडलेले असेल तर यंत्र नुसते हुंकारत राहते व पुढे जळते. हळू फिरणाऱ्या यंत्राला हा हिसका नाही. ज्यांना बॅटरीवर कपाट चालविण्याची पाळी येते त्यांनी हेच घ्यावे, आणि घरातली पेटी शुद्ध साइन लहरीची असावी. चौकोनी लहरीची स्वस्त पेटी दिव्याला चालते, पण फिरणाऱ्या यंत्राला ती सोसत नाही.

आता बॅटरीची तिजोरी उघडून पाहू. आपल्याकडच्या घरांत १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी पुष्कळ ठिकाणी असते. दोहोंचा गुणाकार १८००, म्हणजे पावणेदोन युनिटांहून किंचित अधिक. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. निम्मी वापरावी हे बरे. म्हणजे हाती उरले ०.९ युनिट. दोन जुने पंखे चार तास चालले की ०.६ गेले. उरले ०.३. यात कपाट काही तास निभेल, पण येथे बोटवाल्यांचा एक मोठा अनुभव ध्यानात घ्यावा. इन्व्हर्टरची पेटी नुसती चालू ठेवली तरी स्वतः वीज खाते. समजा ती १५ वॅट खात असेल, तर चोवीस तासांत ०.३६ युनिट झाले. म्हणजे आपल्या काटकसरी कपाटाच्या रोजच्या खाण्याहून जास्त! दिवाणजीचा पगार मालकाच्या खर्चाहून मोठा व्हावा, तसा हा प्रकार. म्हणून बोटीवर कपाटाने मागणी केली तरच पेटी जागी होईल अशी योजना करतात. आपण एवढे करावे, की वीज दोन-तीन तास गेली असता कपाट बॅटरीवर चालवूच नये. दार मिटून ठेवले तर भरलेले कपाट तेवढा वेळ सहज तग धरते.

त्याहून लांब वीज गेली तर? येथे आपल्या कोकणातल्या कोळी बांधवांकडे पाहावे. मुंबईच्या ससून डॉकवरून, हर्णैहून किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावरून मासेमारीला जाणाऱ्या नौका निघताना फोडलेला बर्फ भरून घेतात. किनाऱ्यावरच्या कारखान्यात तारेच्या विजेवर तो तयार होतो आणि थंडी नौकेतून समुद्रात जाते. एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिटांइतकी उष्णता शोषतो. एका किलोला ०.०९३ युनिट. आता तुलना करा. घरातली ती बॅटरी वजनाने पन्नास किलोच्या वर भरते, आणि तिच्यातून कपाट चालवून फार तर दीड-दोन युनिट उष्णता निघते. पन्नास किलो बर्फ साडेचार युनिटांहून अधिक शोषतो. किमतीची तर तुलनाच नको. म्हणजे वीज साठविण्यापेक्षा थंडी साठविणे स्वस्त. वीज असताना वरच्या कप्प्यात पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवाव्यात. काठोकाठ भरू नयेत, कारण पाणी गोठताना फुगते. वीज गेली की त्यांतली एक खालच्या कप्प्यात वरच्या फळीवर ठेवावी, म्हणजे तिचा गारवा खाली उतरत राहतो. काटकसरी कपाटात दोन किलो बर्फ मेच्या दुपारीही पाच-सहा तास आतले तापमान सांभाळू शकतो, मात्र दार उघडता कामा नये.

हेच तत्त्व सरकारी आरोग्य केंद्रांत लस ठेवण्याच्या पेटीत वापरले आहे. त्या पेटीच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते आणि झाकण वरच्या बाजूस असते. थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडले तरी ती सांडत नाही. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ती पेटी दोन ते आठ अंशांचे तापमान राखते. आपल्या तान्ह्या मुलांच्या लसी ज्या युक्तीवर टिकतात ती आपल्या दुधाला का चालू नये?

लसीवरून एक गंभीर गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मधुमेहाचा विकार आता खेड्यांत घरोघर आला आहे आणि कित्येक घरांत इन्सुलिनच्या कुप्या असतात. न फोडलेली कुपी दोन ते आठ अंशांत राहावी लागते. ती उकाड्याने बिघडते आणि गोठली तरीही बिघडते. बिघडलेली कुपी दिसावयाला पुष्कळदा चांगलीच दिसते. म्हणून ती बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नये, आणि दारातही ठेवू नये, कारण दार उघडले की पहिली झळ तेथेच बसते. मधल्या फळीवर, डब्यात घालून ठेवावी. आत एक साधा तापमापक टांगावा. ज्या घरी अशी कुपी आहे त्या घरी कपाटाचा विचार हा हौसेचा विचार नाही. त्या घराने भिंती जाड, दाराची पट्टी घट्ट आणि वीज गेली तरी दम धरणारे कपाट घेतले पाहिजे. दाराच्या रंगाची आणि फुलांच्या चित्रांची चिकित्सा त्यानंतर.

दार उघडण्यावरून घरोघरी मुलांना बोलणी बसतात. हिशेब केला तर मुलांचा अपराध आपण समजतो तेवढा मोठा ठरत नाही. दोनशे लिटर थंड हवा सगळी सांडून गेली तरी तिची किंमत सुमारे दोन वॅट-तासांची. पावसाळ्यात ओलसर हवेमुळे ती वाढते, तरीही थोडीच. याउलट पाच लिटर कोमट पाणी बाटल्यांत भरून आत ठेवले की सुमारे पावणेदोनशे वॅट-तास उष्णता आत गेली. ती उपसावयाला ०.१२ युनिट वीज लागते, म्हणजे कपाटाच्या रोजच्या खाण्याचा तिसरा हिस्सा. दोन लिटर वाफाळते वरण आत ठेवले तरी हिशेब तेवढाच. ते आधी उघड्यावर निवू द्यावे, मात्र उन्हाळ्यात तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये.

पिण्याचे पाणी गार करावयाचे काम तर फ्रीजकडे द्यावेच का? आपल्या माठाला विजेची तार लागत नाही. माठाच्या अंगातून एक लिटर पाणी उडून जाताना एवढी उष्णता घेऊन जाते की, तेवढ्यात पंचवीस लिटर पाणी वीस अंशांनी थंड व्हावे. प्रत्यक्षात इतके साधत नाही, कारण बाहेरची उष्णता माठालाही लागतेच. पण विदर्भाचा कोरडा उन्हाळा म्हणजे माठाचे राज्य. उकळत्या हवेत सुकी झळ असेल तितका तो चांगला चालतो. पावसाळ्यात तो ढेपाळतो, पण तेव्हा गरजही तितकी उरत नाही. बोटवाला कपाटात काय ठेवावे याआधी काय ठेवू नये याची यादी करतो. कांदे, बटाटे, लोणची, गूळ, तूप यांना बाहेर जागा देतो. आपणही पाणी माठाकडे सोपवावे. दूध, दही, उरलेले अन्न, पालेभाजी आणि औषध यांच्यासाठी फ्रीज राखावा. मग लहान कपाट पुरते.

आणखी एक रूढी पसरली आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मुलगा पुण्यास किंवा नागपुरास नोकरीला असतो. तो नवा फ्रीज घेतो आणि जुना आईवडिलांसाठी गावी पाठवून देतो. भावना चांगली आहे. पण पंधरा वर्षांच्या कपाटाची पट्टी सैल झालेली असते, यंत्र थकलेले असते, आणि नव्याच्या दुप्पट वीज ते सहज खाते. तेही अशा गावी जेथे ऊन अधिक, वीज कमी आणि बिल भरणारे निवृत्त. फुकटचे कपाट त्यांना दर महिन्याला विकत घ्यावे लागते. मुलांनी आपला जुना स्वतःकडे ठेवून नवा गावी पाठवावा, इतके आम्ही म्हणत नाही. परंतु पट्टीवरचा आकडा वाचून तरी पाठवावा.

कपाट आणताना घ्यावयाच्या काळजीचा धडाही बोटच देते. वाऱ्याने बोट एका अंगाला कलली की यंत्राच्या तळाचे तेल नळ्यांत शिरते. आपल्याकडे आर्वीहून किंवा पुलगावहून कपाट टेम्पोत आडवे घालून आणतात, आणि घरी पोचताच, पेढे वाटण्यापूर्वी खटका दाबतात. ते उभे आणावे. आडवे आलेच तर निदान काही तास उभे राहू देऊन मग सुरू करावे. आतला वायूही विचारून घ्यावा. जुन्या कपाटांतले वायू पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या आवरणाला मारक ठरले, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये ते बंद करीत आणले. हल्ली ‘आर-६००ए’ हा वायू पुष्कळ कपाटांत असतो. तो ओझोनला बाधत नाही, वातावरणही फारसे तापवीत नाही, आणि यंत्र काटकसरीने चालते. तो ज्वालाग्राही आहे, पण एका कपाटात तो थोडाच असतो. दुरुस्ती मात्र जाणत्याकडूनच करवावी.

गोदरेजने १९५८ साली या देशात फ्रीज तयार करण्यास आरंभ केला तेव्हा तो श्रीमंताच्या दिवाणखान्यातला दागिना होता. आज तो स्वयंपाकघरात आला आहे. तथापि तो विकत घेताना बहुतेक घरी निर्णय पुरुष करतात, आणि तो दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्या बाईला रंग तेवढा विचारतात. वास्तविक घरात दूध किती उरते, भाजी किती दिवसांची येते, कणिक भिजवून ठेवावी लागते की नाही, दुपारी वीज किती वेळ जाते, हा सारा हिशेब तिच्याजवळ तयार असतो. बोटीवरचा माणूस जो हिशेब कागद घेऊन करतो तो आमच्या भगिनी मनात करीत असतात. दुकानात जाण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून तो लिहून काढावा.

तेव्हा आमची सूचना एवढीच. घरी गेल्यावर विजेचे गेल्या मे महिन्याचे आणि गेल्या डिसेंबरचे अशी दोन बिले शेजारी ठेवा. कपाटामागचे माहितीपत्र वाचा. दाराच्या पट्टीत कागदाचा तुकडा धरून दार लावा आणि ओढून पाहा. सहज निघाला तर तेथून रोज पैसे गळत आहेत असे समजा. नवे घ्यावयाचे असेल तर वर्षाचा आकडा, भिंतीची जाडी, हवामानाचे अक्षर आणि ठेवण्याची जागा, या क्रमाने विचार करा. किंमत त्यानंतर विचारा.

 कोणास शंका विचारावयाच्या असतील तर अवश्य विचाराव्यात. सभागृहात अजून वीज आहे!